भोकर, 2009: 47 पाने आणि 5,379 रुपये

13 ऑक्टोबर 2009 ला महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले आणि 22 ऑक्टोबरला निकाल लागला. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण लाखाहून जास्त मताधिक्याने निवडून आले. शंकरराव चव्हाणांचा जिल्हा, मुलगा मुख्यमंत्रिपदावर आणि भोकर, मुदखेड, अर्धापूर असा घरचा टापू. या जागेच्या निकालाबद्दल तेव्हा कुणाला फारशी धाकधूक नव्हती. पुढे याच जागेवरून पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप झाला. पैशामुळे ही जागा जिंकली गेली असे या लेखाचे म्हणणे नाही. पैसा न ओतताही ती जिंकली गेली असती असेच बहुतेक नांदेडकर सांगतील. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला बरे आहे. हार-जितीचा गोंधळ मध्ये येत नाही आणि हिशेबाची वही तेवढी समोर राहते.

वहीचा नियम सोपा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 77 प्रमाणे प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा स्वतंत्र आणि खरा हिशेब ठेवायचा. कलम 78 प्रमाणे निकालानंतर 30 दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. 2009 मध्ये महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 10 लाखांची मर्यादा होती. चव्हाणांचा हिशेब मुदतीत दाखल झाला आणि एकूण खर्च सात लाखांच्या आत होता. त्यात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर 5,379 रुपये आणि केबल वाहिनीवरच्या जाहिरातींवर 6,000 रुपये दाखवले होते. वृत्तपत्रातल्या जाहिराती सहा, आणि त्या सगळ्या नांदेडच्या ‘सत्यप्रभा’ या एकाच दैनिकातल्या.

राज्याच्या मुख्यमंत्र्याने ऐन निवडणुकीत वृत्तपत्रांसाठी साडेपाच हजारही खर्च केले नाहीत, हे वाचून हसू येईल. पण हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हसायची सोय नसते. पावत्या आहेत, बेरीज जुळते, मुदत पाळली आहे. त्याच्या दृष्टीने कागद पूर्ण.

हा कागद दुसऱ्या एका गठ्ठ्याशेजारी ठेवला गेला तेव्हा बातमी झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये नोव्हेंबर 2009 च्या अखेरीस लिहिले की मतदानाआधीच्या काळात मोठ्या खपाच्या मराठी दैनिकांत चव्हाण आणि त्यांच्या कारभाराची स्तुती करणारी निदान 47 पूर्ण पाने त्यांच्या हाती आली आहेत. बरीचशी रंगीत. त्यात ‘अशोक पर्व’ नावाच्या पुरवण्या होत्या. कुठेही ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या बातम्याच होत्या. त्याहून बोलका पुरावा म्हणजे ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या तीन स्पर्धक दैनिकांत मुख्यमंत्र्यांवरचा एकच लेख जवळपास शब्दशः छापून आला होता. एका बातमीसाठी एकमेकांच्या तंगड्या ओढणाऱ्या तीन दैनिकांना एकाच माणसाबद्दल तीच विशेषणे त्याच क्रमाने सुचावीत, हा योगायोग फार मोठा आहे. जाहिरातीच्या दराने मोजली तर त्या 47 पानांची किंमत कोट्यवधींत जाते, असेही साईनाथांनी मांडले होते.

चव्हाणांनी आरोप फेटाळला. आपण कुणाला पैसे दिले नाहीत, मजकूर पुरवला नाही, वृत्तपत्रांनी काय छापावे हा त्यांचा प्रश्न, अशी ती बाजू होती. दैनिकांनीही पैसे घेतल्याचे नाकारले. ‘लोकमत’चे नाते तर उघडच होते. समूहाचे विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, राजेंद्र दर्डा त्याच निवडणुकीत औरंगाबाद पूर्वमधून काँग्रेसचे आमदार झालेले आणि पुढे मंत्रिमंडळात. आमच्या विचारांच्या पक्षाची बाजू आम्ही घेतली, असे कुणी म्हटले तर ते अगदीच अतर्क्य नव्हते. वृत्तपत्राने बाजू घेणे हा गुन्हा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ज्या भिंतीवर प्रकरण आदळले ती याच वाक्याची आहे.

तक्रार कुणी केली? पराभूत उमेदवार आणि माजी मंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर हे मुख्य तक्रारदार. मुख्तार अब्बास नक्वी, किरीट सोमय्या असे भाजपचे नेतेही निवडणूक आयोगाकडे गेले. आता वेळेचे गणित पाहा. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात निकालापासून 45 दिवसांत दाखल करावी लागते. विजयी उमेदवाराचा खर्च उघड होतो तिसाव्या दिवसापर्यंत. म्हणजे हिशेब मिळवायचा, वृत्तपत्रांचे अंक जमवायचे, ताडून पाहायचे, वकील गाठायचा आणि याचिका लिहायची, यासाठी उरतात जेमतेम पंधरा दिवस. भोकरच्या बाबतीत ही मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होती आणि बातमी आली नोव्हेंबर संपता संपता. त्यामुळे भांडण मुख्यतः त्याच 1951 च्या कायद्याच्या कलम 10 अ वर गेले. हिशेब ‘कायद्याने सांगितलेल्या वेळेत आणि पद्धतीने’ दिला नाही तर आयोग त्या व्यक्तीला तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो, असे ते कलम.

यापुढची साडेचार वर्षे एकाच मुद्द्यावर गेली. हिशेब वेळेत आला आणि नमुन्यात बसला, की आयोगाचे काम संपले का? की तो खरा आहे का, हेही आयोगाने पाहायचे? चव्हाणांच्या वकिलांचे म्हणणे पहिले. खरेखोटे ठरवायचे तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करा. 2 एप्रिल 2011 ला आयोगाने आपल्याला खरेपणा तपासण्याचा अधिकार आहे असा निर्णय दिला. सप्टेंबर 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे मार्च 2013 मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र देऊन चव्हाणांच्याच कायदेशीर मुद्द्याला पाठिंबा दिला. निवडणूक आयोगाने खर्चाचा खरेखोटेपणा पाहू नये, असे देशाच्या सरकारने शपथेवर सांगावे, यावर वेगळे भाष्य नको.

5 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आयोगाला तो अधिकार आहे आणि त्याने 45 दिवसांत चौकशी पुरी करावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रकरणाची कमाई ही. नुसता नमुना भरून भागत नाही, आत लिहिलेले खरे असावे लागते.

तोवर भोकरच्या त्या आमदारकीची मुदत संपत आली होती. मध्यंतरी नोव्हेंबर 2010 मध्ये चव्हाणांचे मुख्यमंत्रिपद आदर्श प्रकरणात गेले, ते वेगळेच निमित्त. मे 2014 च्या लोकसभेला मोदी लाटेतही ते नांदेडमधून निवडून आले. महाराष्ट्रात काँग्रेसचे तेव्हा दोनच खासदार, नांदेडचे चव्हाण आणि हिंगोलीचे राजीव सातव. दोघेही मराठवाड्यातले.

13 जुलै 2014 ला आयोगाचा आदेश आला. हिशेब कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने दिला गेला नाही असा निष्कर्ष काढून, अपात्र का ठरवू नये याचे उत्तर वीस दिवसांत द्या, अशी नोटीस आयोगाने काढली. चव्हाण पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेले. नोटिशीला स्थगिती मिळाली आणि सप्टेंबर 2014 मध्ये न्यायालयाने ती रद्दच केली. अपात्रता आली नाही. भोकरमध्ये पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. तिथे चव्हाणांच्या पत्नी अमिता चव्हाण काँग्रेसकडून जिंकल्या. त्यांच्या विरोधात भाजपच्या तिकिटावर उभे होते डॉ. किन्हाळकर.

भोकर का टिकले, हे समजायला शेजारी दुसरे प्रकरण ठेवावे लागते. उत्तर प्रदेशात बदायूँ जिल्ह्यातला बिसौली मतदारसंघ, 2007 ची निवडणूक. आमदार उमलेश यादव. ‘दैनिक जागरण’ आणि ‘अमर उजाला’ यांत मतदानाच्या तोंडावर त्यांच्या बाजूचा बातमीसारखा मजकूर आला. प्रतिस्पर्धी उमेदवार प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांच्या आचारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे गेला. तिथे दैनिकांनी बचाव केला की तो मजकूर जाहिरातीचा होता, खाली बारीक अक्षरात तसे सुचवलेही होते. बचाव वृत्तपत्राचा, पण फटका बसला उमेदवाराला. जाहिरात म्हटली की पैसे आले, आणि ते पैसे हिशेबात नव्हते. रक्कम 21,250 रुपये. 20 ऑक्टोबर 2011 ला आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पैसे देऊन छापलेल्या बातमीवरून आमदार अपात्र ठरण्याचे देशातले ते पहिले उदाहरण.

बिसौलीत रक्कम किरकोळ होती, भोकरमध्ये पाने 47. तरी निकाल उलटे लागले. फरक पाडला तो वृत्तपत्राच्या जबाबाने. बिसौलीत दैनिके म्हणाली, जाहिरात होती, म्हणून उमेदवार अडकला. भोकरमध्ये दैनिके म्हणाली, पैसे घेतले नाहीत, आणि उमेदवाराने खर्च केल्याचा पुरावा उरला नाही. विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही ‘व्यवहार झालाच नाही’ म्हणाले तर पावती कुठून येणार? मध्य प्रदेशात दतियाच्या नरोत्तम मिश्रांना आयोगाने 2008 च्या निवडणुकीतल्या अशाच मजकुरावरून जून 2017 मध्ये अपात्र ठरवले. मे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्द केला. कारवाई होते, वर जाते आणि पुराव्याच्या पायरीवर घसरते.

माझ्या मते खरी गोची पुराव्याच्याही आधीची आहे. या सगळ्या चौकश्यांत एकच वही उघडली जाते, उमेदवाराची. त्या 47 पानांचे पैसे कुणी दिले असतील याच्या चार शक्यता आहेत, आणि चौघांचे कायदे वेगळे.

उमेदवाराने दिले असतील तर कलम 77, 78 आणि 10 अ. इथवर सगळे स्वच्छ आहे.

पक्षाने दिले असतील तर कलम 77 चे स्पष्टीकरण पुढे येते. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, आणि पक्षाच्या खर्चाला आपल्याकडे मर्यादाच नाही. उमेदवार मुख्यमंत्री असेल तर त्याची स्तुती म्हणजे पक्षाचा प्रचार की उमेदवाराचा, यावर दोन वकील आठवडाभर भांडू शकतात.

तिसराच कुणी दिले असतील, म्हणजे ठेकेदाराने, कारखानदाराने किंवा ‘साहेबांच्या हितचिंतकाने’, तर मामला भारतीय दंड संहितेच्या कलम 171 ह मध्ये जात होता. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा. शिक्षा? पाचशे रुपयांपर्यंत दंड. रंगीत पानाच्या एका कोपऱ्याचीही किंमत त्याहून जास्त भरेल.

चौथी शक्यता दैनिकांनी स्वतःच सांगितलेली, कुणीच दिले नाहीत. ती खरी धरू. मग काय घडले? वृत्तपत्र चालवणारी संस्था म्हणजे कंपनी. तिच्याकडे विकायला असते ती पानावरची जागा. इतरांना जी जागा सेंटिमीटरवर मोजून विकली जाते ती एका नेत्याला फुकट दिली गेली. एखाद्या सिमेंट कंपनीने पक्षाला फुकट सिमेंट दिले तर आपण त्याला देणगी म्हणू. कागद आणि शाई दिली की मात्र त्याला ‘संपादकीय भूमिका’ म्हणायचे? संपादकीय भूमिका असते, तिला संरक्षणही हवे. अग्रलेखात एखाद्या पक्षाला मते द्या म्हणून लिहावे, लेखकाचे नाव घालावे. पण तीन दैनिकांत एकच मजकूर आला की ती भूमिका कुणाची, हे कुणा एका संपादकाला सांगता येत नाही.

कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचा कायदा याबाबत जुनाच आहे. 1969 मध्ये त्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. तेव्हापासून 1956 च्या कंपनी कायद्याचे कलम 293 अ आणि 2013 च्या कायद्यातले कलम 182 सांगते की देणगी म्हणजे नुसता धनादेश नव्हे. पक्षाच्या फायद्याच्या स्मरणिका, पुस्तिका, पत्रके असल्या प्रकाशनांतल्या जाहिरातींवर कंपनीने थेट किंवा आडून केलेला खर्चही राजकीय देणगीत मोडतो आणि तो नफा-तोटा पत्रकात दाखवावा लागतो. दैनिकाची पुरवणी ‘असल्या प्रकाशनांत’ बसते का, यावर वाद होऊ शकतो. पण कलम 10 अ ची चौकशी त्या वाटेला जाऊच शकत नाही, कारण ती उमेदवाराच्या हिशेबापुरती आहे. कंपनीच्या वहीसाठी कंपनी निबंधक, वृत्तपत्राच्या आचारासाठी प्रेस कौन्सिल, उमेदवारासाठी आयोग. तीन दारे, आणि एका दारातून दुसऱ्या दाराकडे जायचा रस्ता नाही.

यातल्या प्रेस कौन्सिलची गोष्ट थोडक्यात. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांनी 2010 मध्ये 71 पानांचा अहवाल दिला, त्यात दैनिकांची नावे होती. कौन्सिलने 30 जुलै 2010 ला नावे गाळून छोटा अहवाल मांडला. मूळ अहवाल संकेतस्थळावर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा 2011 मधला आदेश लागला. कौन्सिलच्या हातात शिक्षेचा अधिकार नाहीच. समज द्यायची, नापसंती नोंदवायची, एवढेच.

तालुक्याच्या पातळीवर हे कसे चालते, ते मराठवाड्यात कुणालाही विचारा. तालुका वार्ताहराला पगार नावापुरता, कित्येकांना तोही नाही. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या पुरवणीला, गणपतीच्या पुरवणीला आणि निवडणुकीला ठरलेले लक्ष्य. निवडणूक आली की ‘पॅकेज’ हा शब्द बातमीदाराच्याच तोंडी येतो. इतक्या बातम्या, एक मुलाखत, एक सभा पहिल्या पानावर, आणि समोरच्याची सभा न छापण्याचे वेगळे. ज्याच्याकडे पॅकेजचे पैसे नाहीत, तो उमेदवार आपल्याच तालुक्याच्या पानावर दिसत नाही. नुकसान वाचकाचे होते. त्याला वाटते की हा माणूस निवडणुकीत उतरलाच नाही.

कंपन्यांचा पैसा इथे थेट दिसत नाही. तो वरून पाझरत येतो. 2017 च्या वित्त कायद्याने कंपन्यांवरची 7.5 टक्क्यांची देणगीमर्यादा काढली आणि कुठल्या पक्षाला किती दिले हे सांगण्याची सक्तीही काढली. 2 जानेवारी 2018 ला निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव गुप्त. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे सगळे घटनाबाह्य ठरवले. मार्चमध्ये यादी आली तेव्हा कळले की फ्यूचर गेमिंग या लॉटरी कंपनीने 1,368 कोटींचे आणि मेघा इंजिनीअरिंगने 966 कोटींचे रोखे घेतले होते. भोकरमधली 10 लाखांची मर्यादा या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. उमेदवाराच्या चहापाण्याचा कप मोजायला निरीक्षक आणि वरून येणाऱ्या पैशाला काळी काच, अशी ती सहा वर्षे होती. (योगायोग असा की या निकालाच्या दोनच दिवस आधी, 13 फेब्रुवारी 2024 ला, अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. 2009 च्या तक्रारीचा पाठपुरावा करणाऱ्यांत त्या पक्षाचे नेते होते, हे वर आलेच आहे.)

भोकरनंतर काहीच बदलले नाही असे नाही. आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती असते. संशयास्पद बातमी दिसली की उमेदवाराला नोटीस जाते, उत्तर पटले नाही तर सरकारी जाहिरातदराने तिची किंमत काढून ती त्याच्या खर्चात धरतात. उमेदवाराला वेगळे बँक खाते काढावे लागते, आयोगाचे लोक छाया नोंदवही, म्हणजे त्याच्या खर्चाची स्वतःची समांतर नोंद ठेवतात. विधानसभेची मर्यादा 2011 मध्ये 16 लाख, 2014 मध्ये 28 लाख आणि 2022 मध्ये 40 लाख झाली. विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात पैसे देऊन छापलेली बातमी हा निवडणुकीतला गैरप्रकार ठरवावा अशी शिफारस केली. ती कायद्यात आलेली नाही. समितीचा उपाय चांगला आहे, पण तो नुसता उमेदवाराचा खर्च वाढवतो. मजकूर छापणाऱ्या कंपनीला काहीच होत नाही. आणि आता मजकूर छापीलही राहिलेला नाही. तालुक्यागणिक यूट्यूब वाहिन्या आणि पोर्टल आहेत, त्यांचे दर कोणत्याही सरकारी तक्त्यात नाहीत.

ज्यांना आपल्या मतदारसंघाचे असे प्रकरण उभे करायचे आहे त्यांच्यासाठी 2009 ची पद्धत अजून चालते. उमेदवाराचा खर्च जिल्हा निवडणूक कार्यालयात नाममात्र शुल्क भरून पाहता येतो. प्रचाराच्या काळातले अंक त्याच आठवड्यात जमवून ठेवावे लागतात, नंतर ते रद्दीत जातात आणि ई-पेपरची जुनी पाने उघडत नाहीत. दोन दैनिकांत सारखा मजकूर शोधायचा, जागा सेंटिमीटरमध्ये मोजायची, दराने गुणायची. 45 दिवसांची मुदत डोक्यात ठेवायची. एक पायरी 2009 मध्ये कुणी घेतली नव्हती, ती आता घेता येते. 2024 च्या निकालाने कलम 182 मधली नावे उघड करण्याची सक्ती परत आली आहे. तेव्हा त्या वर्षीचे वृत्तपत्र कंपनीचे नफा-तोटा पत्रक मागवायचे आणि राजकीय देणगीच्या ओळीत काय लिहिले आहे, ते मोजलेल्या पानांशी ताडून पाहायचे.